दोन तालुक्यांनी नाकारलेली वस्ती

माझा बाप कोतवाल होता. शहरातल्या वाचकाला कोतवाल म्हटलं की कमरेला तलवार लावलेला कोणी सरदार आठवतो, म्हणून आधीच सांगते. आमच्याकडे कोतवाल म्हणजे सरकारी कारभारातला सगळ्यात खालचा माणूस. गावात दवंडी द्यायची, साहेब आले की खुर्ची मांडायची, आणि पटवारी सायकलवर पुढं निघाला की त्याचं दप्तर डोक्यावर घेऊन मागं चालायचं. पटवारी म्हणजे तलाठी; वऱ्हाडात अजून तोच शब्द जास्त चालतो. दप्तर म्हणजे लाल फडक्यात बांधलेले गावाच्या जमिनीचे सगळे कागद. बाबाला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं.

पटवारी मुक्कामाला परगावी गेला की दप्तर आमच्या घरी ठेवलं जायचं. आमचं घर म्हणजे एक खोली, वर जुने टिनपत्रे. पाऊस आला की घरात एकच कोपरा कोरडा राहायचा आणि तो दप्तराचा असायचा. आधी दप्तर उचललं जायचं, मग आम्ही भावंडं. एका पावसाळ्यात धाकटा भाऊ तापानं फणफणला. आईनं दप्तर सरकवून त्याला त्या कोपऱ्यात निजवलं. बाबा आला. दप्तर पोटाशी धरून, पाठ पावसाकडे करून दिवसभर उकिडवा बसून राहिला. आई लोकांच्या कपाशीत निंदायला जायची. तिच्या बोटांच्या पेरांना हिरवट काळा रंग कायमचा बसला होता, भाकरीलाही तो लागायचा.

अशा घरातून मी मेहकरला जाऊन बी.ए. झाले. आमच्या खानदानात पदवी घेणारी मी पहिली. हे मी मिरवते, आणि कोणी नाक मुरडलं तर आणखी मोठ्यानं सांगते. तलाठी म्हणून नेमणुकीचा हुकूम आला तेव्हा बाबानं तो कागद उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "मंग तुह्यं दप्तर कोन उचलीन?"

"मीच उचलीन."

"मंग जमते," बाबा म्हणाला.

आता धंद्याचं थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

एवढा मोठा देश एका खुर्चीवरून सांभाळता येत नाही, म्हणून त्याचे भाग पाडले आहेत. देशाची राज्यं, राज्याचे विभाग (आमचा अमरावती), विभागाचे जिल्हे (आमचा बुलडाणा), जिल्ह्याचे तालुके, तालुक्याची मंडळं आणि मंडळाचे साझे. साझा म्हणजे एका तलाठ्याच्या ताब्यातली दोन-चार गावं. गावात प्रत्येक शेताला गट नंबर. म्हणजे दिल्लीहून निघालेला हुकूम पायऱ्या उतरत उतरत शेवटी एका गट नंबरावर येऊन थांबतो. या शिडीशेजारी दुसरी एक शिडी उभी आहे: जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत. गाव फुगून शहर झालं की नगरपंचायत नाहीतर नगरपरिषद. पहिली शिडी जमीन आणि महसूल बघते, दुसरी नळ, रस्ता, दिवाबत्ती. लोकांना या पायऱ्या पाठ नसतात आणि त्यांनी पाठ कराव्या तरी कशाला? आपला कागद कोणत्या टेबलावर मिळतो एवढं कळलं की त्यांचं भागतं.

नकाशावर या हद्दी काळ्याभोर रेघांनी काढलेल्या असतात. शेतात गेलं की तिथं नाला असतो, धुरा म्हणजे शेताचा बांध असतो, एखादा चुना उडालेला दगड असतो. त्या दगडाच्या अलीकडं कोण आणि पलीकडं कोण, हे सांगणं म्हणजे तलाठ्याची नोकरी. मी ती तीसेक वर्षं केली आणि बहुतेक चांगली केली. एकदा मात्र फार वाईट केली. लिहायला बसले ते त्याबद्दलच. तालुक्यांची नावं सांगत नाही आणि गावाचं बदलून सांगते.

माझ्या साझ्याच्या कडेला, नाल्याच्या काठावर, माळवस्ती म्हणून तीस-पस्तीस घरांची वस्ती होती. काही घरं मुसलमानांची, काही बौद्धांची, काही मराठ्यांची. पाझर तलावात जुनी घरं गेली म्हणून सगळे तिथं येऊन बसलेले. नाल्यापलीकडं दुसरा तालुका. मी नोकरीला लागण्याआधी हे दोन्ही तालुके एकच होते. तालुका फुटला तेव्हा मूळ गाव तिकडं गेलं, पण नाल्याअलीकडचे गट इकडं ठेवले. जुन्या तलाठ्यांना हे तोंडपाठ होतं. ते हातानं सातबारा लिहून द्यायचे, काम चालायचं. पुढं सगळं दप्तर संगणकात चढवलं, तेव्हा गावांच्या यादीवरून चढवलं. माळवस्ती कोणत्याच यादीत गाव म्हणून नव्हती. तिचे गट इकडूनही सुटले आणि तिकडूनही. मग हातानं लिहिलेला सातबारा बंद झाला.

मी त्या साझ्यावर नवीन होते. एका दुपारी रहीमचाचा आले. साठी ओलांडलेले, चार एकर कपाशी, आणि हिवाळ्यात गाद्या-रजयांसाठी कापूस पिंजायचं पिढीजात काम. भुवयांवर नेहमी कापसाचे तंतू.

"बेटी, सातबारा पायजे."

मी गट नंबर टाकला. संगणक म्हणाला, नोंद नाही.

"चाचा, तुमचा गट इथं नाही. नाल्यापलीकडच्या साझ्यात असेल."

"तिकडूनच आलो ना बाप्पा. तिथले काकडेसाहेब म्हन्ते इकडं जा."

"इथं नाहीच, तर मी कुठून देऊ?"

चाचांनी थोडा विचार केला. "मंग तसं लिहून द्या."

दाराबाहेर रांग होती. शाळेचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, कोणाचं फेरफारचं भांडण. माणसाच्या हातात एखादा कागद देऊन त्याला वाटेला लावायचं, ही आमच्या धंद्यातली जुनी सवय. कागद मिळाला की माणूस उठतो. मी लिहून दिलं: 'सदर वस्ती व तेथील गट या साझ्याच्या हद्दीत येत नाहीत.' सही केली, शिक्का मारला. गाडीवर दहा मिनिटं लागली असती तिथं जायला. कोपऱ्यातल्या लाकडी पेटीत जुनं दप्तर होतं, ते मी उघडलंही नव्हतं. ज्या दप्तरासाठी माझा बाप पावसात बसला, ते.

चाचा तो कागद घेऊन काकडेभाऊंकडे गेले. माझा दाखला पाहून त्यांनीही तसाच एक दिला.

त्या हंगामात कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली. बीटी बियाणं नवीन आलं तेव्हा लोक हरखले होते. फवारे वाचले, अळी दिसेना. ज्वारी मागं पडली, तूर धुऱ्यावर गेली, घराच्या दारापर्यंत पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, आली. मग काही वर्षांत अळी त्या बियाण्याला सरावली. ही अळी बाहेरून कळत नाही. बोंड टणक, हिरवंगार. फोडलं की आत सरकी पोखरलेली आणि कापूस पिवळा पडून त्याची कडक, निकामी कवडी झालेली.

वरून हुकूम आला, सगळ्या गावांचे पंचनामे करा. मुदत आठवड्याची. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक अशा तिघांनी प्रत्येक शेतात जायचं, वीस बोंडं तोडून फोडायची, किती किडकी ते लिहायचं, शेतकऱ्याला पिकात उभा करून मोबाइलवर फोटो घ्यायचा आणि तो गट नंबरासकट चढवायचा. अट एकच, पीक उभं पाहिजे. पऱ्हाटी उपटली की पंचनामा नाही.

पाचव्या दिवशी सकाळी मी चावडीत पोचले तर माळवस्तीची दहा-बारा माणसं पायऱ्यांवर बसलेली. रहीमचाचांनी पिशवीतून दोन कागद काढून माझ्या टेबलावर ठेवले. दोन्ही चकचकीत.

"एक तुमचा, एक तिकडचा. लॅमिनेशन करून आनले. पान्यापावसात खराब नोको व्हाले."

मागून कोणीतरी हसलं. चाचा हसले नाहीत.

"इकडं नाही, तिकडं नाही. मंग आमी आभायात हाओ का बेटी?"

सुमनबाई म्हणून एक तरुण बाई होती. ती उभीच होती. "मॅडम, शेजारच्यायनं पंचनामे करून पऱ्हाट्या काहाडल्या, हरभरा पेरला. आमची तशीच उभी हाये, तुमची वाट पाहून राह्यली. ते म्हन्ते, तुमच्या पऱ्हाटीतल्या अळीचे पतंग पुढच्या साली आमच्या कपाशीत येतीन. परवापर्यंत नाही काहाडली तं ट्रॅक्टर घालतो म्हन्ते. मंग तुमी येऊन काय पाहासान? ढेकळं?"

"मी बघते," मी म्हणाले.

"काऊन, मागच्या खेपेले डोये मिटले होते का?" सुमनबाई म्हणाली.

कोणी तिला गप्प केलं नाही. करायलाही नको होतं.

मी काकडेभाऊंना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, मी तर तुमचा दाखला पाहून दिला. म्हटलं तुम्ही खात्री केली असेल."

"मी नाही केली."

"मीही नाही."

फोन ठेवला आणि लाकडी पेटी उघडली. वाळवी एका कोपऱ्याला लागली होती, आतले कागद शाबूत होते. कापडावर डकवलेला गाव नकाशा टेबलावर पसरला. माणसं भोवती गोळा झाली. नाल्याची निळी रेघ, तिच्या अलीकडं बारीक अक्षरात गट, आणि खाली तालुका फुटला तेव्हाच्या आदेशाची नक्कल: हे गट इकडेच ठेवण्यात येत आहेत. चाचांचा गट होता. सुमनबाईच्या सासऱ्याच्या नावाचा होता. सगळे होते. माझ्याच साझ्यात, माझ्या खुर्चीपासून चार हातांवर.

"मिळालं?" चाचांनी विचारलं.

"मिळालं."

"कोनाचे हाओ?"

"माझे," मी म्हणाले. तो शब्द माझ्या तोंडून फार बारीक आवाजात निघाला.

त्याच दुपारी तहसीलला गेले. तहसीलदार साहेब मुदतीच्या कामानं वैतागलेले, पण ऐकून घेणारा माणूस. नकाशा पाहिला, दाखला पाहिला.

"इंगळे मॅडम, गट संगणकात नाहीत, आणि ते आपल्या हद्दीत नाहीत असं तुम्हीच लेखी दिलंय. उद्या तपासणीत मला विचारतील, नसलेल्या गटांचे पंचनामे कसे केले?"

"मग काय करू साहेब?"

"एक, मार्गदर्शन मागवा. जिल्ह्याला पत्र जाईल, उत्तर येईल."

"तोवर पऱ्हाटी राहणार नाही."

"दुसरं, तुमचा दाखला तुम्ही लेखी मागे घ्या, कारणासकट. मग जुन्या दप्तरावरून कागदी पंचनामे करा, मी ते स्वीकारतो. पण कारण लिहिलंत की तुम्हाला नोटीस मलाच काढावी लागेल. ती मी टाळू शकणार नाही."

बाहेर बाकावर बसले. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? सेवापुस्तक तोवर कोरं होतं. कोतवालाची पोरगी तलाठी झाली हे ज्यांना कधी पचलं नव्हतं, असे दोघं-तिघं त्याच इमारतीत बसत होते. माझ्यासारखीनं चूक केली की ती तिच्या एकटीची राहत नाही, घराची आणि आळीची होते. मार्गदर्शन मागवलं असतं तर मला कोणी बोट लावलं नसतं. आवक-जावक रजिस्टरात माझं पत्र नियमाप्रमाणे दिसलं असतं. आणि माळवस्तीत ट्रॅक्टर फिरला असता.

मी कागद घेतला आणि लिहिलं: 'सदर दाखला मी स्थळपाहणी न करता व जुने दप्तर न पाहता दिला असून तो चुकीचा आहे.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "एवढं उघड लिहायची गरज नव्हती."

"गोल लिहिलं तर पुन्हा कोणीतरी गोल वाचेल साहेब."

त्यांनी शेरा मारला आणि तो कागद माझ्यासमोरच फायलीत लावला.

सहावा दिवस जुन्या दप्तरावरून गटांची यादी करण्यात आणि कोरे पंचनामे तयार करण्यात गेला. मग मुदतीचा शेवटचा दिवस. उजाडताच आम्ही माळवस्तीच्या शिवारात होतो. कृषी सहायक, ग्रामसेवक, मी. काकडेभाऊही मोटारसायकलवर आले. त्यांचा आता काही संबंध नव्हता. मी तसं म्हटलं तर म्हणाले, "एका दाखल्यावर सही माझीपण आहे ना ताई," आणि फळीवर कागद लावून लिहायला बसले.

धुऱ्यापलीकडं खरंच ट्रॅक्टर उभा होता, मागं रोटावेटर जोडलेला, इंजिन चालू. मालक बबनराव वर बसलेले. त्यांच्या शेतात हरभरा नुकताच पेरलेला होता.

"मॅडम, माह्या बारा एकराचा पंचनामा तुमीच करून गेल्या ना? मी लगेच साफ केलं. ह्यायची पऱ्हाटी काऊन उभी?"

"माझ्यामुळं उभी आहे. दिवस मावळेपर्यंत थांबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सरकारी माणसाच्या तोंडून 'माझ्यामुळं' ऐकायची सवय नसावी. "मावळेपर्यंत थांबतो. त्याच्यानंतर मी कोनाचं आयकनार नाही," म्हणाले. पण इंजिन बंद केलं नाही. दिवसभर ती घरघर आमच्या कानांत होती.

एक शेत, वीस बोंडं, एक कागद, तीन सह्या, शेतकऱ्याचा अंगठा नाहीतर सही. पुढचं शेत. बोंडं फोडून फोडून नखं दुखायला लागली तेव्हा चाचांनी खिशातून चाकू काढून दिला. स्वतः मात्र बोटांनीच उकलत होते. एक बोंड दाबून न फोडताच म्हणायचे, "किडकं," आणि फोडलं की आत अळी. पिंजाऱ्याची बोटं. कृषी सहायक पोरगेलासा होता, तो चकित होऊन म्हणाला, "चाचा, तुम्हीच सही करा पंचनाम्यावर."

"माही सही करून काय फायदा? मी तं हद्दीतच नव्हतो," चाचा म्हणाले. त्या दिवशी पहिल्यांदा सगळे हसले. मीही हसले आणि मला ते लागलंही.

दुपारी दोनपर्यंत निम्मी शेतं झाली. जेवायला कोणी थांबलं नाही. सुमनबाईनं भाकरी आणि ठेचा धुऱ्यावर आणून दिला. माझ्याही हातावर भाकरी ठेवली.

मग प्रल्हादचं शेत आलं. शेत रिकामं. पऱ्हाट्या उपटून एका कडेला ढीग लावलेला, जमीन वखरलेली. प्रल्हाद धुऱ्यावर उभा होता, तिशीचा शांत माणूस.

"कधी काढली?" मी विचारलं.

"परवा."

"परवा? अरे, दोन दिवस थांबायचं ना!"

"तुमीच लिहून देल्लं होतं ना मॅडम. हद्दीत नाही म्हून. मले वाटलं, मंग ठेवू कशाले? शेजाऱ्यायचं बोलनं कोन आयकीन?" आवाज चढवला नाही. मडक्यातून पाणी काढून गडू माझ्यापुढं धरला. "घ्या, उनाच्या फिरून राह्यल्या."

कृषी सहायकानं ढिगातली बोंडं उचलून पाहिली. सगळी किडकी. पण पीक उभं नव्हतं. मी त्या ढिगाचा पंचनामा वेगळ्या कागदावर केला, परिस्थिती लिहिली, जोडला. तो नंतर नामंजूर होऊन परत आला, नियमाप्रमाणे. प्रल्हाद त्या उन्हाळ्यात बायकोला घेऊन सुरतेकडं गेला. परत आल्याचं मी ऐकलं नाही. माझ्या नोकरीतल्या चुका मोजायच्या झाल्या तर मी इतर कोणत्याही आधी त्या पाण्याच्या गडूपाशी जाते.

दिवस मावळायला हात-दीड हात राहिला असताना शेवटच्या शेतातली सही झाली. मी धुऱ्यावर जाऊन बबनरावांना हात केला. त्यांनी ट्रॅक्टर वळवला आणि तो सरळ सुमनबाईच्या शेतात घातला. मी धावणार तेवढ्यात ती म्हणाली, "येऊ द्या मॅडम. मीच बोलावलं. मावळायच्या आत हरभऱ्याले जमीन मोकळी करून देतो म्हने, फुकटात."

कागदी पंचनामे साहेब स्वतः बुलडाण्याला घेऊन गेले. ते मान्य झाले. मला नोटीस आली, मी खुलाशात तेच एक वाक्य पुन्हा लिहिलं, आणि सेवापुस्तकात शेरा पडला. तो आजही तिथं आहे. त्या शेऱ्याची मला लाज वाटते आणि तो पडला याचा अभिमानही वाटतो. दोन्ही खरं आहे.

पण गट संगणकात चढवून भागणार नव्हतं. यादीत गाव नव्हतं तोवर वस्ती पुन्हा कधीही सुटली असती, माझ्यासारखीच दुसरी कोणी दाखला देऊन बसली असती. रहीमचाचांनी विषय काढला, "आमाले गावच करा ना." त्यालाही रस्ता असतो. वस्तीचा अर्ज, ग्रामसभेचा ठराव, भूमी अभिलेखची मोजणी, नवा नकाशा, हरकतींची मुदत, तहसील, प्रांत, जिल्हाधिकारी, शेवटी अधिसूचना. एकेका टेबलावर फाइल महिनोन् महिने बसली. माझी बदली झाली, काकडेभाऊंचीही झाली. रजेच्या दिवशी आम्ही दोघं जाऊन फाइल कुठं आहे ते विचारायचो. बाबू लोक म्हणायचे, "मॅडम, तुमचा साझा तर नाही आता?" मी म्हणायची, "नाही, पण चूक माझी आहे." मोजणीच्या दिवशी साखळी ओढायला वस्तीनं माणसं कमी पडू दिली नाहीत. आमच्या हद्दीचे दगड आम्हीच रोवणार म्हणून बायांनी पहारी घेतल्या, आणि पहिला दगड सुमनबाईनं रोवला.

मी निवृत्त व्हायच्या आदल्या वर्षी अधिसूचना निघाली. माळवस्ती आता स्वतंत्र महसुली गाव आहे. तिला स्वतःचा नकाशा आहे, तिचे गट संगणकात आहेत, तिचा पंचनामा तिच्या नावानं होतो. तिथला माणूस फॉर्म भरायला बसला की गाव, तालुका, जिल्हा हे तिन्ही रकाने कोणाला न विचारता भरतो.